दीड हजार रुपये, कांदा आणि 'विकला गेलेला' मतदार

गोदाकाठ :
'विधानसभेला महाराष्ट्रातील बायका महिना दीड हजार रुपयांना विकल्या गेल्या. अशा मतदारांकडून राज्याच्या भवितव्याचा विचार होणे शक्य नाही,' असे कोथरूडकर यांनी 'लाडकी बहीण' योजनेबद्दल काल या चर्चामंचावर लिहिले. राग आवरत नव्हता म्हणून दोन वेळा उत्तर लिहून खोडले. आज सविस्तर लिहिते.

माझे सासर निफाड तालुक्यात आहे. घरातील औषधपाणी, मुलांची फी आणि गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज हे सगळे कांद्यावर चालते. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली तेव्हा लाल कांदा बाजारात येत होता, आणि लासलगावचे भाव कोसळताना आम्ही रोज पाहत होतो. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, तीही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम ठेवून. आमचे लोकसभेचे मतदान २० मे रोजी होते. आमच्या दिंडोरी मतदारसंघात केंद्रातील राज्यमंत्री पराभूत झाल्या, तेव्हा शेतकऱ्याने आपली ताकद दाखवली असे येथेच कौतुकाने लिहिले गेले. सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच घरांतील बायकांनी महायुतीला मत दिले, तर त्या विकल्या गेल्या. नवऱ्याने कांद्याच्या भावासाठी मत दिले की तो जागरूक आणि बायकोने स्वतःच्या खात्यातील पैशांसाठी दिले की ती लाचार, हा न्याय मला मान्य नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई लागवडीपासून काढणीपर्यंत प्रत्येक दिवशी वावरात असतात, पण कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, दिरांच्या नावाने निघते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जुलै आणि ऑगस्टचे मिळून तीन हजार रुपये त्यांच्या खात्यात आले. 'हंगाम झाल्यावर बघू' म्हणत चार वर्षे राहून गेलेला चष्मा त्यांनी त्या पैशांतून केला. ज्यांना चष्म्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही, त्यांना हा राजकीय प्रश्न वाटणार नाही, हे मी समजू शकते. म्हणून तो राजकीय प्रश्न नाही, असे मात्र होत नाही.

कोथरूडकर :
गोदाकाठताई, आपल्या जाऊबाईंचा अनादर करण्याचा माझा हेतू नव्हता, परंतु मूळ मुद्दा मी सोडणार नाही. या योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटी रुपये लागतील, असे सरकारनेच सांगितले होते. २०२५ च्या मार्चमधील अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद झाली आणि प्रचारात कबूल केलेले २,१०० रुपये त्यात आले नाहीत. हा पैसा शेवटी कालव्यांतून, शाळांतून आणि सरकारी दवाखान्यांतूनच कमी होणार आहे.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षे नोकरी केली, त्यांतील बरीचशी ग्रामीण शाखांत. २००८ च्या कर्जमाफीच्या वेळी एक शेतकरी माझ्यासमोर बसून रडला होता, कारण बायकोचे मंगळसूत्र मोडून त्याने मार्चआधी हप्ता भरला होता आणि न भरणाऱ्या शेजाऱ्याचे कर्ज माफ झाले होते. प्रत्येकाने आपापल्या अंगणापुरते पाहून मत दिले की अशा माणसाच्या बाजूने कोणीच उभे राहत नाही. मतदाराने स्वतःपलीकडे पाहावे ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

गोदाकाठ :
तो शेतकरी त्याच्या अनुभवावरून मत देईल की नाही, एवढेच सांगा. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले, तेव्हा आपण येथे 'अखेर मध्यमवर्गाची आठवण झाली' असे लिहून अभिनंदन केले होते. तिजोरीला खड्डा त्यानेही पडतो, पण त्या दिवशी आपण कालव्यांची काळजी केली नव्हती.

कोथरूडकर :
करसवलत म्हणजे स्वतः कमावलेला पैसा स्वतःकडे राहणे होय. दोन्ही गोष्टी एका पारड्यात टाकणे चुकीचे आहे.

गोदाकाठ :
जाऊबाईंनीही तो कमावलाच होता. फक्त पट्टीवर त्यांचे नाव नव्हते.

बालाघाट :
आपण दोघेही असे गृहीत धरत आहात की प्रत्येकाला मत देता येते. २०२४ मध्ये साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान २० नोव्हेंबरला होते. आमच्या केज तालुक्यातील कितीतरी कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, त्याआधीच कारखान्यांच्या वाटेला लागली होती. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेले जोडपे मतदानासाठी परत येण्याचा खर्च आणि खाडा अंगावर घेईल का? ज्यांचा प्रश्न सर्वांत मोठा, तेच मतदारयादीत नाव असूनही उसाच्या फडात होते.

खडूफळा :
स्वार्थी मतदार म्हणून ज्यांना सर्वांत जास्त ऐकावे लागते, त्यांच्यापैकी मी एक आहे, म्हणून लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २००७ मध्ये लागलो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी, हमीची पेन्शन नाही. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी २००४ चे आहेत. काम तेच, पटसंख्या तीच, पण म्हातारपण मात्र वेगळे. माझ्या एका सहकाऱ्याचे सेवेत असताना निधन झाले, तेव्हा त्याच्या पत्नीला कार्यालयाच्या किती खेपा घालाव्या लागल्या, हे मी तिच्यासोबत जाऊन पाहिले आहे. त्या दिवसापासून माझे मत पेन्शनवर ठरते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

टर्नर :
गुरुजी, पिंपरीतील एका कारखान्यात मी ३१ वर्षे लेथ चालवला. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतून मला महिना २,१८६ रुपये पेन्शन मिळते. या योजनेतील किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार रुपयांवरच आहे. आपल्या नव्या पेन्शनच्या खात्यात सरकार मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्के रक्कम भरते, आणि केंद्राच्या धर्तीवरील निम्म्या वेतनाएवढ्या पेन्शनची हमीही राज्याने २०२४ च्या ऑगस्टमध्ये मान्य केली. तरीही आपणच पीडित? आमच्यासाठी कोणत्या पक्षाने कधी मोर्चा काढला? आम्ही संपावर गेलो तर फाटकावर नोटीस लागते, आणि आपण गेलात तर मंत्री चर्चेला बोलावतात.

खडूफळा :
आपली पेन्शन तुटपुंजी आहे, यात वाद नाही. पण तिच्यासाठी आपण सरकारशी भांडावे. माझी कमी झाल्याने आपली वाढणार नाही. मला नाही म्हणून त्यालाही नको, ही वृत्ती घातक आहे.

टर्नर :
वृत्ती काढू नका. ३१ वर्षांत माझी दोन बोटे गेली आहेत आणि वृत्तीचे धडे मी कोणाकडूनही घेणार नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की ज्यांचा घोळका मोठा, त्यांचा प्रश्न निवडणुकीचा प्रश्न होतो, आणि आमच्यासारखे विखुरलेले म्हातारे फक्त अर्ज लिहितात.

गोदाकाठ :
पेन्शनचा विषय निघालाच आहे, तर मलाही बोलावे लागेल. १४ मार्च २०२३ रोजी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संप सुरू झाला आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. फेब्रुवारीत भाव पडलेच होते. क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर झाले, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत. त्यावर हा पाऊस. पंचनामा करायला गावात कोणी आलेच नाही, कारण तलाठी आणि ग्रामसेवक दोघेही संपावर होते. तेव्हापासून आमच्या गावात पेन्शन हा शब्द उच्चारला तरी लोक उठून जातात. खडूफळा सर, आपल्या सहकाऱ्याच्या पत्नीचे दुःख खरे आहे, पण आपल्या न्यायाची किंमत त्या आठवड्यात आम्ही मोजली.

खडूफळा :
संपाची तारीख महिनाभर आधी गारपीट पाहून ठरवता येत नाही. आम्ही २० तारखेला संप मागे घेतला. पावसाचा दोषही आता शिक्षकांच्या माथी मारणार काय?

कोथरूडकर :
आता कृपया आपण तिघांनी वरचे दहा प्रतिसाद पुन्हा वाचावेत. मी हेच म्हणत होतो. एकाचा हक्क दुसऱ्याच्या वावरात जाऊन पडतो, आणि तो पडताना पाहणारा कोणी उरत नाही.

गोदाकाठ :
आपले म्हणणे अर्धे खरे आहे, हे मी नाइलाजाने मान्य करते. पण तो कोठे पडतो हे ज्याच्या वावरात पडला तोच सांगू शकतो. २०२४ च्या सप्टेंबरात खाद्यतेलावरचे आयातशुल्क वाढले. सोयाबीनला ४,८९२ रुपये हमीभावही मिळत नसल्यामुळे लातूरच्या शेतकऱ्याला तो उपाय अपुरा वाटला, आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर तेल महागल्यामुळे माझ्या ठाण्याच्या बहिणीला तोच निर्णय अन्याय वाटला. दोघांनीही स्वतःचेच पाहिले, आणि दोघांचेही ऐकल्याशिवाय तो निर्णय बरा की वाईट हे कळणार नाही. 'विकले गेले' म्हटले की ऐकणेच बंद होते.

कोथरूडकर :
'विकल्या गेल्या' हा शब्द मी मागे घेतो. योजनेच्या खर्चाविषयी जे लिहिले ते मागे घेत नाही, आणि त्या मंगळसूत्रवाल्या शेतकऱ्याला आपण कोणीच उत्तर दिलेले नाही, हेही नोंदवतो.

खडूफळा :
गोदाकाठताई, रागाच्या भरात लिहून गेलो. आपल्याकडे त्या पावसाचा पंचनामा शेवटी कधी झाला?

गोदाकाठ :
एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. भिजलेला कांदा तोवर आम्ही बांधावर ओतला होता, आणि वावरात दिसला नाही म्हणून तो पंचनाम्यात आला नाही.