चर्चिलच्या बायकोने पंतप्रधानांना पत्र लिहिलं, यात चुकलं काय?

गिरगावकर: मे 1915, पहिलं महायुद्ध चालू, चर्चिलने पुढे रेटलेली तुर्कस्तानातली गॅलिपोलीची मोहीम अडकलेली आणि लंडनमध्ये कुजबुज की आता सर्वपक्षीय सरकार येणार, चर्चिलचं नौदल खातं जाणार. 20 मेला त्याची बायको क्लेमेंटाईन थेट पंतप्रधान ॲस्क्विथला लिहिते की ह्यांच्यात दोष असतील, पण जर्मनीशी लढायची ह्यांच्यासारखी धमक तुमच्या मंत्रिमंडळात फार थोड्यांकडे आहे. ॲस्क्विथने वेडाचार म्हणून उडवून लावलं. माझ्या मते ती शंभर टक्के बरोबर होती. 1918 पर्यंत तिथे बाईला खासदार निवडायला मतच नव्हतं, मग तिने बोलायचं कुठे?

परळवाली: अजिबात नाही पटत. मत कुठल्याच बाईला नव्हतं, पण पंतप्रधानांच्या टेबलावर पत्र पोचवायची सोय किती जणींना होती? गॅलिपोलीत ज्यांची पोरं गेली त्या आयांचं कोण वाचणार होतं? आपल्याकडे नगरसेविकेचा नवरा वॉर्ड ऑफिसात जाऊन साहेबांना ऑर्डरी सोडतो तेव्हा आपण चिडतो ना, मग इथे कौतुक कसलं? रशियात बघा, झार युद्धाच्या आघाडीवर आणि राणी अलेक्झांड्रा पत्रावर पत्र पाठवतेय की तिचा साधूबाबा रासपुटिन म्हणतोय प्रोटोपोपोव्हला गृहमंत्री करा, आणि तो झालाही. 1916 च्या सुरुवातीपासून क्रांतीपर्यंत 4 पंतप्रधान झाले तिथे.

गिरगावकर: अहो पण अलेक्झांड्राच्या शब्दावर नेमणुका व्हायच्या, क्लेमेंटाईनच्या पत्राने काहीच हललं नाही, चर्चिलला डची ऑफ लँकेस्टरचं नावापुरतं पद मिळालं. आणि हा ॲस्क्विथ स्वतः काय करत होता? 35 वर्षांनी लहान मैत्रीण व्हेनेशिया स्टॅन्लीला युद्धाची गुपितं लिहून पाठवायचा, कधीकधी तर मंत्रिमंडळाची बैठक चालू असतानाच! त्याच मे महिन्यात तिने एडविन मॉन्टेग्यूशी लग्न ठरवल्याचं त्याला कळवलं, हो तोच, शाळेत पाठ केलेला मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवाला. पंतप्रधानाने गुपितं वाटली तर चालतं आणि हिने सरळ सही करून विनंती केली तर वेडी?

दादर_टीटी: ॲस्क्विथ चुकला म्हणून ही बरोबर ठरत नाही दादा. मला तिचं जून 1940 चं पत्र जास्त मोठं वाटतं. फ्रान्स पडलेला, नवरा पंतप्रधान, आणि ती त्यालाच लिहिते की तुमचं बोलणं फार तुसडं झालंय, हाताखालची माणसं दुखावतायत. आधी फाडून टाकलं होतं, मग परत लिहून दिलं.

परळवाली: ते पत्र मलाही मान्य आहे, कारण तिथे ती घरच्या माणसाचे कान धरतेय. 1915 मध्ये त्याच माणसाची खुर्ची वाचवत होती, त्याला मी वशिलाच म्हणणार.

गिरगावकर: वशिला लपून लावतात ताई. आणि तो माणूस लायक नव्हता असं म्हणायचंय का तुम्हाला?

परळवाली: 1915 मध्ये? गॅलिपोलीनंतर? हो, असंच म्हणायचंय.