यंत्र देणं सोपं, ते चालवणं महाग

प्रतिष्ठानांनी पगारपाण्यात न पडता रुग्णालयांना फक्त यंत्रं घेऊन द्यावीत, म्हणजे पैसा कुठे गेला ते डोळ्यांना दिसतं, असं काही जण म्हणतात. हिशोबाचा मुद्दा पटतो, निष्कर्ष अजिबात पटत नाही. डायलिसिसचंच बघा. रक्त शुद्ध करणारा द्रव यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मिली वाहतो असं धरलं तर चार तासांच्या एका डायलिसिसला १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, आणि बहुतेक रुग्णांना ते आठवड्यातून तीनदा करावं लागतं. म्हणजे यंत्रासोबत पाणी शुद्धीकरणाचा संच, त्याची देखभाल, अखंड वीज आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ हे सगळं आलंच. देणगीच्या पत्रात यातलं किती असतं?

मी एका छोट्या धर्मादाय रुग्णालयात काही वर्षं हिशोब पाहिले आहेत. देणगीतून आलेलं एक यंत्र केवळ एक सुटा भाग मिळेना म्हणून आठ महिने झाकून ठेवलेलं होतं, आणि रुग्ण दूरच्या शहरात हेलपाटे घालत होते. फार वाईट वाटायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देणग्यांवर मार्गदर्शिकाच काढली. आधी रुग्णालयाची गरज विचारा, सुटे भाग, देखभाल आणि प्रशिक्षण यांची सोय करा, हाच तिचा रोख आहे. आमच्याकडे नंतर एका प्रतिष्ठानाने नवं काहीच दिलं नाही, फक्त तीन वर्षांचा देखभाल करार आणि एका तंत्रज्ञाचा पगार उचलला. कोनशिला बसली नाही, पण ते झाकलेलं यंत्र सुरू झालं.