जुनी गाडी सुरू होत नाही, आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) टिकत नाही: तुम्ही आधी काय तपासता?

कार्ब्युरेटरवाल्या आणि सुरुवातीच्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांवर स्वतः काम करणाऱ्यांसाठी हा धागा. लक्षण काय, कुठे मोजायचं, किती आकडा यायला हवा, तेवढं नेमकं लिहा. ‘प्लग बदलून बघा’ एवढ्यावर कुणाची गाडी सुरू होत नाही. मॅन्युअलमधला आकडा इथल्यापेक्षा वेगळा असेल तर मॅन्युअलचाच धरावा.

*

सेल्फपासून (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) सुरू करतो. चावी फिरवल्यावर भराभर टकटक आवाज आला तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. एकदाच ‘टक्’ होऊन शांतता पसरली तर सेल्फचे ब्रश, सोलेनॉइडचे (सेल्फला वीज जोडणारा स्विच) कॉन्टॅक्ट किंवा जाड केबल. गाडी काही तास उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवायला हवी, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. पण उभ्या बॅटरीचा आकडा फसवतो. सेल्फ मारताना मीटर ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा मोजा. तरीही तेच आलं तर बॅटरी संपली. सेल्फ एका दमात दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

*

वरच्याला जोडून: बॅटरी नवी, सेल्फ नवा, तरी इंजिन जड फिरतं, याचं कारण बहुतेक वेळा अर्थिंग असतं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर धरा. क्लॅम्पवर नको, खांबावरच. नाहीतर तिथला गंज मोजायचा राहून जातो. सेल्फ मारताना ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर केबल काढा, दोन्ही टोकांचा रंग-गंज घासून पुन्हा कसा. पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा बोल्ट अशी हीच चाचणी ०.५ च्या आत यायला हवी.

*

सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पकडत नाही, तेव्हा दोष करंटचा (प्लगच्या स्पार्कचा) आहे की पेट्रोलचा, हे आधी ठरवा. दोन्हीकडे एकदम हात घातला की दोष सापडत नाही, उलट नवे तयार होतात.

प्लग काढून बघा. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल पोचतंय, करंटकडे वळा. कोरडा असेल तर पंप, फिल्टर, फ्लोट नीडल (कार्ब्युरेटरात पेट्रोल सोडणारी सुई). करंट बघायला जादा प्लग वायरीत घालून त्याची बॉडी इंजिनला घट्ट टेकवा. वायर हातात धरू नका आणि जवळ सांडलेलं पेट्रोल नको. निळा, कडकड वाजणारा स्पार्क चांगला. पिवळसर, बारीक असेल तर पॉइंट (कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट), कंडेन्सर, कॉइल याच क्रमाने.

पॉइंटची फट कॅमच्या उंचवट्यावर असताना फीलर गेजने मोजायची, साधारण ०.४ मिमी. पॉलिश पेपर मारला तर नंतर कोरा जाड कागद मधून ओढून भुकटी काढा. नव्या पॉइंटवर थोड्याच दिवसांत एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ आलं तर कंडेन्सरवर संशय घ्या. आणि हे नेहमी विसरलं जातं: फट बदलली की टायमिंगही (स्पार्क पडण्याची वेळ) बदलतं. फट वाढली की करंट लवकर, कमी झाली की उशिरा. म्हणून आधी फट, मग टायमिंग. उलट केलं तर केलेलं काम वाया.

प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर कॅप बदला. पुसून ती जात नाही, दमट हवेत करंट तिथूनच पळतो.

*

सेल्फ मारताना गाडी पकडते आणि चावी सोडताच बंद पडते? बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलची वीज कमी करणारा रोधक) तपासा. सेल्फच्या वेळी कॉइलला थेट वीज मिळते, चावी सोडल्यावर बॅलास्टमधून. तो तुटला की नेमकं असं होतं. चावीच्या स्विचचा कॉन्टॅक्ट गेला तरी लक्षण हेच.

*

आयडलिंगबद्दल. चोक ओढला की चालते, आत ढकलला की बंद, म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त): आयडल जेट चोंदलेला आहे किंवा कुठून तरी हवा घेतेय. आधी कार्ब्युरेटरवरचा आयडल कट-ऑफ सोलेनॉइड बघा, असेल तर. चावी ऑन करून त्याची वायर काढा-लावा. टिक् आवाज नाही तर वीज नाही किंवा तो गेला.

मग हवा. ब्रेक बूस्टरचा पाइप, डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम पाइप, क्रँककेसचा पाइप एकेक करून चिमटा. चिमटल्यावर आयडल सुधारलं तर गळती त्याच वाटेवर. कार्ब्युरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्ड गॅस्केटवर पाण्याचा बारीक फवारा मारला तरी आवाज बदलतो. कार्ब क्लीनर मारतात, पण गरम एक्झॉस्टजवळ तो पेटू शकतो.

जेट हवेने फुंका, तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग मिश्रण कधीच जुळत नाही.

मिक्स्चर स्क्रू शेवटी. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण आत ढकललेला. स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड ते दोन फेरे बाहेर, तिथून सर्वाधिक रेस मिळेल तिथे ठेवा आणि थ्रॉटल स्क्रूने ८०० आरपीएमच्या आसपास आणा. दोन-तीनदा आलटून पालटून करावं लागतं. मिक्स्चर स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर तो फिरवणं थांबवा: आयडलची वाट बंद आहे, किंवा थ्रॉटल इतका उघडा ठेवलाय की इंजिन पुढच्या भोकांवर चालतंय.

*

इंजेक्शनवाल्यांसाठी दोनच गोष्टी. चावी ऑन केल्यावर पंपाचा दोनेक सेकंद आवाज यायला हवा. नाही आला तर रिले आणि फ्यूज आधी, पंप नंतर. आणि थंड सुरू होते, गरम झाल्यावर ओली होऊन अडते, तेव्हा कूलंट तापमानाचा सेन्सर मोजा. बहुतेक सेन्सर थंड असताना दोन-तीन हजार ओहम आणि ८० अंशांना काहीशे ओहम दाखवतात. गरम असूनही हजारोंवर अडकलेला सेन्सर इंजिनाला थंड समजून जादा पेट्रोल टाकायला लावतो.

*

सगळं ठीक, तरी आयडलला एक सिलेंडर मिसिंग करतो? कम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) गेजने मोजा. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, करंट आणि पेट्रोल बंद. सिलेंडरांमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी असलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा: वाढलं तर रिंग, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलेंडर कमी आले तर मधली हेड गॅस्केट. आणि हेड उघडण्याआधी टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट मोजा. ती कमी राहिली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि गेजवर आकडा तसाच कमी दिसतो.