'श्वास' विसरून कसं चालेल

जुन्या मराठी सिनेमांसारखं रडू आताचे सिनेमे बघून येत नाही असं काही जण म्हणतात, हे मला नाही पटत. 'श्यामची आई' (१९५३) ग्रेटच, पण २००४ ला सांगलीत आजोबांबरोबर 'श्वास' हा सिनेमा बघितला, त्यात ऑपरेशननंतर नातवाला दिसणारच नाही म्हणून म्हातारा त्याला हॉस्पिटलातून गुपचूप बाहेर नेतो ना, तिथं आमचे आजोबा, उभ्या जन्मात कुणासमोर न रडलेला माणूस, टॉवेल तोंडाला लावून हमसून हमसून रडले आणि माझा हात सोडेनात.

आणि एक, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'श्यामची आई'नंतर मराठीला थेट 'श्वास'नंच आणला, मधे जवळजवळ पन्नास वर्षं गेली. अरुण नलावडेंनी केलेला तो आजोबा नव्या पोरांना जरूर दाखवा.