सणात साखर उतरूही शकते

मधुमेह असलेल्यांनी सणासुदीत गोडावर ताबा ठेवला की पुरे, असे म्हटले जाते, ते मला अर्धेच पटते. रक्तातली साखर वाढण्याची धास्ती सर्वांनाच असते, पण ही साखर उतरूही शकते याचा विचार अशा चर्चेत झालेला दिसत नाही. आमच्याकडे ज्येष्ठा गौरींच्या जेवणाच्या दिवशी नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी जेवत नाही. एका वर्षी आईने सवयीप्रमाणे सकाळीच ग्लिमेपिराइडची (रक्तातली साखर कमी करणारी) गोळी घेतली आणि पुरणापासून सोळा भाज्यांपर्यंतची सगळी धावपळ नुसत्या चहावर केली. दीडच्या सुमारास पुरणयंत्र फिरवताना तिचे हात थरथरू लागले, ती घामाने भिजली आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागली. दमली असेल, जरा पडू द्या, असे म्हणणारेच जास्त होते. ग्लुकोमीटरवर (रक्तातली साखर मोजण्याच्या यंत्रावर) आकडा आला 54 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). तो 70 च्या खाली गेला की लगेच उपाय करावा लागतो.

अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे (शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीही न देता रुग्णालय गाठावे). हाताशी पेढे असतात, पण खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. आता डॉक्टरांना विचारून आई त्या दिवशीची गोळी जेवणाबरोबरच घेते, आणि भाज्या पाचांवर आणल्यामुळे नैवेद्य साडेबाराला होतो. गौरींची अद्याप तक्रार नाही.