जुनी पेट्रोल जीप पन्हाळ्याच्या चढाला ओढंना, इंजिन बोअर करावं का?

वाघबीळ_७१
नमस्कार मंडळी. आजोबांची ७१ सालची सीजे३बी हाय, चार सिलिंडर पेट्रोल, हरिकेन इंजिन. अजून मागं ट्रेलर लावून वैरण, शेणखत आणतो तिच्यातनं. दोन महिने झाले दमच गेलाय गाडीचा. कोल्हापुरातनं सपाटीला बरी येते पण वाघबीळच्या पुढं चढ लागला की सेकंडला सुद्धा मान टाकते, ॲक्सिलेटर जास्त दाबला की कार्बोरेटरमधनं फट फट आवाज आणि वेग उलट कमी, पाय जरा उचलला की सावरते. उभी असताना आयडलिंग एकदम शांत. प्लग नवीन टाकले, कार्बोरेटर दोनदा साफ केला, एअर फिल्टरचं ऑइल बदललं. आता मेकॅनिक म्हणतोय इंजिन बसलंय, बोअर करून (सिलिंडर आतनं कापून मोठे करून) पिस्टन-रिंगा टाका, पन्नास-साठ हजार धरा. उसाचं बिल अजून जमा नाही, आणि आजोबांची गाडी भंगारात घालायला मन होत नाही. काय करू?

इचलकरंजी_रायडर
भावा कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा टाक. ई२० पेट्रोलनं, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या, जुन्या गाड्या लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालायल्यात, माझी जुनी बाईक तशानंच सुधारली.

उद्यमनगर_फिटर
जेटला हात लावू नका आत्ताच. ई२० नं मिक्श्चर थोडं लीन होतं हे खरं, पण तेवढ्यानं गाडी चढाला मान टाकत नाही. आणि बोअर तर लय लांबची गोष्ट हाय, रिंगा गेल्या असत्या तर सायलेन्सरमधनं निळा धूर आणि ऑइल कमी होणं आधी दिसलं असतं, तुम्ही त्यातलं काहीच लिहिलं नाही.

आधी एक करा. चढाला गाडी दम टाकायला लागली की चोक पाव भाग ओढून बघा. ओढल्यावर जोर आला तर पेट्रोल कमी पडतंय किंवा मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधनं हवा आत जातीय. आणखी बिघडली तर ठिणगीच्या बाजूला, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर, कॉइलकडं बघायचं, पॉइंटचा गॅप वीस थाउ (इंचाचे वीस हजारांश) पाहिजे, फिलर गेज घालूनच बघा, अंदाजानं नको.

दुसरं, एसी पंपाचा (एसी कंपनीचा पेट्रोल पंप, इंजिनावरचा) कार्बोरेटरकडं जाणारा पाइप सोडून बाटलीत धरा, कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, जवळ कुणाला बिडी ओढू देऊ नका, आणि सेल्फ मारा. प्रत्येक झटक्याला जाड पिचकारी आली पाहिजे. आयडलिंगला पेट्रोल लागतं थेंबथेंब, म्हणून पंप अर्धा मेला तरी उभी गाडी शांत चालते, चढाला मात्र कार्बोरेटरमधली फ्लोटची वाटी रिकामी होते.

गगनबावडा_जीप
फिटर दादांचं बरोबर. बोअरच्या आधी कॉम्प्रेशन तरी मोजा की. चारी सिलिंडर जवळपास सारखे आले तर विषय संपला. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून परत मोजा, वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, टॅपेट टाइट राहिले की तेच जळतात. व्हॅक्यूम गेज (इंजिनाची हवेची ओढ मोजणारं) मिळालं तर आयडलिंगला १७ ते २१ इंच आणि काटा स्थिर पाहिजे, पण ते समुद्रसपाटीचं, आपल्या कोल्हापूरच्या उंचीवर दोनेक इंच कमी दिसलं तर घाबरू नका.

वाघबीळ_७१
सापडलं! चोक ओढल्यावर गाडी ओढायला लागली. मग बाटली धरली, पाच-सहा झटके बरे आले आणि नंतर नुसता फेस. पंपाच्या काचेच्या वाटीत बॅटरी मारून बघितलं तर बुडबुड्यांची रांगच चाललेली. सीटखालच्या टाकीकडनं येणारा पाइप चेसिसवरनं येऊन पंपाला जिथं लागतो तिथला रबरी होज, वरनं अगदी नवा दिसतोय पण मधनं कापला तर आत पापुद्रा सुटून लोंबत होता आणि क्लिपजवळ केसाएवढी चीर. मला एक कळंना, एवढी चीर असून जमिनीवर थेंब कसा नाही?

उद्यमनगर_फिटर
पंपाच्या अलीकडं लाइनमध्ये ओढ असते दादा, पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. म्हणून ती गळती कुणाला दिसत नाही आणि कार्बोरेटर मात्र दहा दहा वेळा उघडला जातो. नवा होज ई२० ला चालणाराच मागून घ्या, साधा रबर परत फुगणार. पंपाचा डायफ्रॅम पण जुनाच असणार, तो आत्ताच बदला.

वाघबीळ_७१
दोन्ही बदललं. काल ट्रेलर भरून वर गेलो, अर्धा चढ थर्डला काढला, फट फट एकदा नाही. कॉम्प्रेशन पण मोजलं, चारी जवळपास सारखे, बोअर रद्द. फक्त गरम झाल्यावर बंद करून लगेच सेल्फ मारला तर थोडा वेळ मिसिंग येतं.

उद्यमनगर_फिटर
कंडेन्सर गरम झाल्यावर कमजोर पडत असेल. पॉइंट काळे पडलेत का बघा आणि फोटो टाका.