मदत हवी आहे: किंग्स्टनचं ‘टाउन हाउस’ आतून पाहिलेलं कोणी आहे का?

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. थीसिससाठी विद्यापीठाचं ग्रंथालय आणि नृत्याचे स्टुडिओ एकाच छताखाली आणतेय. केस स्टडी म्हणून लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठातलं टाउन हाउस घेतलंय. डब्लिनच्या ग्राफ्टन आर्किटेक्ट्सचं काम. यव्हॉन फॅरेल आणि शेली मॅकनमारा या १९७८ पासून ही फर्म चालवतात. २०२० चं प्रित्झकर (वास्तुकलेतलं मोठं आंतरराष्ट्रीय पारितोषिक) दोघींना मिळालं, आणि या इमारतीला २०२१ चं स्टर्लिंग (ब्रिटनमधलं वास्तुकलेचं पारितोषिक).

तिथे सहा मजल्यांत ग्रंथालय आणि डान्स स्टुडिओ शेजारी-शेजारी, मधली जागा बरीचशी मोकळी. आमचे सर म्हणतात, “तबला सुरू झाला की वाचणारा उठून जाईल.” उत्तर माझ्याकडे नाही.

प्रसिद्ध झालेले प्लॅन-सेक्शन बघून झाले, लेख वाचले. सगळे बाहेरच्या खांबांच्या रांगांवर आणि गच्च्यांवर फिदा. यूट्यूबवरच्या व्हिडिओंत मागे संगीत, म्हणजे नेमका आवाजच कळत नाही!

प्रत्यक्ष जाणं शक्य नाही, ज्युरी (परीक्षकांसमोर थीसिस मांडणं) पुढच्या महिन्यात आहे. ड्रॉइंग किंवा फोटो नकोत. भारतातलं असं उदाहरण माहीत असेल तर तेही चालेल, फक्त स्वतः आत बसलेले असाल तर सांगा.

तालीम चालू असताना वाचनाच्या टेबलापाशी संगीत ऐकू येतं का, की फक्त पायांचा दणका जाणवतो? आणि स्टुडिओला एकच दार आहे, की मध्ये छोटी लॉबी सोडून दोन?